चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंड : लघवीतल्या प्रथिनाच्या तपासणीची गोष्ट

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींनी नाक मुरडलं असेल, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. लघवी हा चारचौघांत बोलायचा विषय नव्हे. पण वैद्यकाच्या इतिहासात या द्रवाइतकं बारकाईनं माणसानं दुसरं फारसं काही पाहिलेलं नाही, हेही तितकंच खरं.

लॅबमधून लघवीचा रिपोर्ट येतो. त्यात 'अल्ब्युमिन' किंवा 'प्रोटीन' अशी एक ओळ असते. तिच्यासमोर 'निल', 'ट्रेस' असं काहीतरी किंवा अधिकची एक, दोन, तीन चिन्हं असतात. आपण बहुतेक वेळा ती ओळ न वाचताच कागदाची घडी घालतो. या एका ओळीचा इतिहास आज बघायचा आहे. तो बघताना आमचा एक मुद्दा ध्यानात ठेवा. लघवीत प्रथिन दिसणं ही एक घटना. त्याचा अर्थ मूत्रपिंडाशी जोडला जाणं ही दुसरी. आणि त्या माहितीचा रोग्याला उपयोग होणं ही तिसरी. या तीन घटनांच्या मधे फार मोठा काळ गेलेला आहे, आणि तिसरी आपल्याकडे अजून पुरती घडलेली नाही.

आधी थोडं शरीरशास्त्र, म्हणजे पुढचं सोपं जाईल. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो. त्यातला बहुतेक पुन्हा शोषून घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. रक्तातली प्रथिनं, विशेषतः अल्ब्युमिन, आकारानं मोठी. चहा गाळताना पाणी खाली जातं आणि पत्ती वर राहते, तसं इथे व्हायला हवं. कपात पत्ती दिसली, तर दोष चहाचा नसतो, गाळणीचा असतो. आणि अल्ब्युमिनचं एक काम म्हणजे पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणं. ते फार वाहून गेलं, की पाणी बाहेर झिरपतं, पायांवर, डोळ्यांखाली सूज येते. पण गाळणी फाटताना दुखत नाही, हा या रोगातला खरा घात आहे.

आता प्राचीन काळाकडे वळू. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत एक सूत्र आहे : लघवीवर बुडबुडे राहत असतील तर मूत्रपिंडाचा विकार समजावा आणि तो दीर्घकाळ चालणारा असेल. प्रथिन असलेल्या लघवीला फेस येतो, हे आज आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले आहेत, त्यांत एक 'फेनमेह' आहे, म्हणजे फेसाळ लघवीचा. ही दोन्ही निरीक्षणं पाहून लगेच 'आमच्याकडे हे आधीच माहीत होतं' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरू या. सुश्रुतानं फेनमेह कफाच्या प्रमेहांत मोजला आहे, मूत्रपिंडाच्या रोगांत नाही. आणि लघवीला फेस यायला इतरही कारणं असतात, जोरानं धार पडली तरी येतो. नजर तीक्ष्ण होती, एवढं नक्की म्हणता येतं. नजर आणि निदान यांत मात्र अंतर असतं.

आयुर्वेदात पुढे तैलबिंदू परीक्षा आली. योगरत्नाकरात ती दिलेली आहे. पहाटेची लघवी भांड्यात घ्यायची, गवताच्या काडीनं तेलाचा एक थेंब सोडायचा आणि तो कसा पसरतो ते पाहायचं. त्यावरून रोग साध्य की असाध्य हे ठरवत. युरोपात त्याच्या आधीपासून काचेचं एक गोल भांडं, 'मॅट्युला', हे वैद्याचं चिन्हच होऊन बसलं होतं. आजच्या डॉक्टरच्या गळ्यात जसा स्टेथोस्कोप, तसा त्या काळच्या चित्रांत वैद्याच्या हातात मॅट्युला. जर्मनीत १५०६ साली उलरिख पिंडर यांचा ग्रंथ छापला गेला. त्यात एक चक्र आहे, त्याच्या परिघावर लघवीचे वीस रंग मांडलेले आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ दिलेला आहे.

इथवर ठीक होतं. पण हळूहळू रोग्याला न पाहताच, नोकरानं आणलेल्या बाटलीवरून निदान सांगणारे निघाले. रोग कुठला, रोगी जगेल का, बाई गरोदर आहे का, सगळं बाटलीतून! सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हे. इंग्लंडमध्ये १६३७ साली थॉमस ब्रायन यांनी या 'मूत्रज्योतिष्यां'ची चांगलीच पिसं काढणारं पुस्तक लिहिलं. परिणाम असा झाला, की प्रतिष्ठित वैद्य लघवी बघण्यापासूनच लांब राहू लागले. भोंदूपणाबरोबर एक चांगलं साधनही टाकून दिलं गेलं. वैद्यकाच्या इतिहासात हे पुष्कळदा होतं.

साधन परत आलं ते चुलीच्या वाटेनं. सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या लायडनच्या फ्रेडरिक डेकर्स यांनी नोंदवलं, की काही रोग्यांची लघवी तापवून त्यात आम्ल घातलं, की ती दुधासारखी साकळते. पुढे १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी अंगभर सूज आलेल्या एका २८ वर्षांच्या सैनिकाची लघवी तापवली. भांड्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा गोळा जमला. अंडं उकडल्यावर जे होतं तेच इथे झालं होतं. उष्णतेनं प्रथिन गोठतं आणि पुन्हा विरघळत नाही. सुजेचं पाणी तापवलं तर असा गोळा होतो हे कोतुन्योंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी असा अर्थ लावला, की अंगातलं सुजेचं पाणीच लघवीवाटे बाहेर पडतं आहे. म्हणजे हे बरं होण्याचं लक्षण! प्रथिन दिसलं, पण अर्थ नेमका उलटा लागला.

हा अर्थ सुलटा व्हायला पुढची साठेक वर्षं लागली, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. त्या काळी अंगात पाणी भरणं हाच एक स्वतंत्र रोग मानला जाई. पोट फुगलं, पाय सुजले, दम लागला, की रोगाचं नाव ठरलं. आज आपण म्हणू, हे लक्षण आहे. हृदयामुळे, यकृतामुळे किंवा मूत्रपिंडामुळे येऊ शकतं. तेव्हा हे वेगळं करायला काही साधन नव्हतं. १७८५ साली विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानाचा उपयोग प्रसिद्ध केला. त्या औषधानं काहींची सूज झरझर उतरे, काहींना ढिम्म फरक पडत नसे. वरून दोघेही सारखेच सुजलेले. मग आत काय वेगळं होतं? इंग्लंडमध्ये विल्यम वेल्स यांनी १८१२ साली आणि जॉन ब्लॅकॉल यांनी १८१३ साली सुजेच्या बऱ्याच रोग्यांच्या लघवीत रक्तातलं प्रथिन असल्याचं दाखवलं. दार अर्धं उघडलं होतं. पण मूत्रपिंड हेच मूळ आहे असं ठामपणे कोणी म्हटलं नव्हतं.

ते म्हटलं रिचर्ड ब्राइट यांनी. ब्रिस्टलमध्ये १७८९ साली जन्मलेला हा माणूस. भटकंतीची आवड अशी, की तरुणपणी आइसलँडला जाऊन आला आणि हंगेरीच्या प्रवासावर चित्रांसह जाडजूड ग्रंथ लिहिला. चित्रकाराची नजर त्याला रुग्णालयातही उपयोगी पडली. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात त्यानं एक शिस्त लावून घेतली. सुजेचा रोगी आला, की त्याची थोडी लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. गोठली की नाही, ते लिहून ठेवायचं. रोगी दगावला तर शवविच्छेदन करून मूत्रपिंडं उघडून पाहायची आणि चमच्यात दिसलेलं टेबलावर दिसलेल्याशी ताडून बघायचं.

यात नवं काय होतं? चमचा नवा नव्हता, तापवणं नवं नव्हतं. नवीन होतं ते दोन टोकं जोडणं. १८२७ साली त्यांनी आपली रुग्णवृत्तं प्रसिद्ध केली. ज्यांची लघवी गोठत होती, त्यांची मूत्रपिंडं खडबडीत, दाणेदार, कधी आक्रसलेली निघत होती. ज्यांची सूज यकृतामुळे होती, त्यांची लघवी गोठत नव्हती. म्हणजे बिछान्याशेजारी, दोन मिनिटांत, आतल्या अवयवाची बातमी मिळू लागली. रसायनशास्त्र जाणणारे जॉन बॉस्टॉक त्यांच्या मदतीला होते. ब्राइटच्या रोग्यांच्या रक्तात अल्ब्युमिन कमी पडतं, आणि लघवीत जायला हवा तो युरिया रक्तात साचतो, हे त्या काळातच दिसून आलं. १८३६ साली ब्राइट यांनी अशा १०० रोग्यांचा तक्ता छापला. १८४२ साली रुग्णालयानं त्यांना ४२ खाटांचे दोन कक्ष आणि लगत छोटी प्रयोगशाळा दिली. एकाच रोगाच्या अभ्यासासाठी खाटा राखून ठेवणं ही त्या काळी अगदी नवी कल्पना होती.

या रोगाला पुढे 'ब्राइट्स डिसीज' हेच नाव पडलं. पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. निदान आलं, उपचार आला नाही. रक्त काढणं, जुलाब, पाऱ्याची औषधं हेच चालू राहिलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांना १८८२ साली हा रोग असल्याचं कळलं. त्यांनी तो लोकांपासून लपवला आणि १८८६ साली त्यांचं निधन झालं. देशाच्या सर्वोच्च माणसालाही त्या चमच्यातल्या बातमीचा एवढाच उपयोग, की आपलं पुढचं त्याला आधी कळलं.

एका ठिकाणी मात्र ही तपासणी लवकर कामाला आली. याच गाय्ज रुग्णालयातल्या जॉन लीव्हर यांनी १८४३ साली बाळंतपणात झटके येणाऱ्या बायकांची लघवी तपासली आणि तीत अल्ब्युमिन सापडलं. एडिंबरामध्ये जेम्स सिम्पसन यांनाही त्याच साली हेच दिसलं. गरोदरपणात रक्तदाब वाढणं आणि लघवीत प्रथिन जाणं, ही पुढच्या झटक्यांची पूर्वसूचना असू शकते, हे ज्ञान या वाटेनं आलं. आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात गरोदर बाईची दर खेपेला लघवी तपासतात, रक्तदाब मोजतात, ते याचसाठी. 'एवढीशी बाटली कशाला भरून द्यायची' असं वाटणाऱ्या सुनेला आणि तिच्या सासूला हे जरूर सांगा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तपासणी सर्वत्र पसरली. लघवी तापवल्यावर कधी कधी फॉस्फेटमुळेही गढूळ होते, म्हणून ॲसेटिक आम्लाचे थेंब घालायचे. गढूळपणा गेला तर फॉस्फेट, राहिला तर प्रथिन. ही युक्ती आपल्याकडच्या लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमात पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४० च्या दशकात एक विचित्र प्रथिन वर्णिलं. ते तापवलं की गोठतं आणि उकळलं की पुन्हा विरघळतं. ते हाडांतल्या मज्जेच्या कर्करोगाशी निगडित निघालं. म्हणजे लघवीतलं प्रत्येक प्रथिन एकच गोष्ट सांगत नाही, हेही कळलं.

पसरण्याबरोबर अतिरेकही आला. विमा कंपन्या लघवी तपासू लागल्या. ठणठणीत तरुणांच्या लघवीत थोडं प्रथिन सापडे आणि त्यांना मूत्रपिंडाचे रोगी ठरवलं जाई. १८८५ साली फ्रेडरिक पेव्ही यांनी दाखवलं, की काही निरोगी माणसांत दिवसा, हिंडता-फिरताना प्रथिन जातं आणि रात्रीच्या विश्रांतीनंतर सकाळी ते नाहीसं होतं. ताप, जबर व्यायाम यांतही तात्पुरतं जातं. म्हणून आजही नियम आहे : एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्या आणि पुन्हा तपासा.

विसाव्या शतकात चमच्याची जागा कागदाच्या पट्टीनं घेतली. डेन्मार्कचे सोरेन्सन यांच्या १९०९ सालच्या कामातून एक अडचण पुढे आली होती. आम्लता दाखवणारे काही रंग प्रथिन असलं की चुकीचा रंग दाखवतात. रसायनशास्त्रज्ञांच्या दृष्टीनं हा दोष. अमेरिकेत एल्कहार्ट गावी एम्स कंपनीत या दोषाचाच उपयोग करून घेण्यात आला. पट्टीवर आम्लता कायम ठेवायची, पिवळा रंग लावायचा. प्रथिन असेल तर पिवळ्याचा हिरवा होईल. हेलन फ्री आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या कामातून १९५६ साली साखरेची पट्टी बाजारात आली आणि पाठोपाठ प्रथिनाची 'अल्ब्युस्टिक्स'. मेणबत्ती नको, आम्ल नको, बुडवा आणि रंग बघा.

पण पट्टीला एक मर्यादा होती. साधा हिशेब करू. निरोगी माणसाच्या लघवीत दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन जातं. दीड लिटर लघवीत ३० मिलिग्रॅम म्हणजे १०० मिलिलिटरमागे २ मिलिग्रॅम. साधी पट्टी साधारण १५ ते ३० च्या पुढेच नीट रंग बदलते. म्हणजे गळती कित्येक पटींनी वाढेपर्यंत पट्टी 'निल' म्हणत राहते! ही मधली जागा उजेडात आली ती १९६३ साली. हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं अत्यंत कमी अल्ब्युमिन मोजणारी पद्धत प्रसिद्ध केली. आणि गंमत बघा, हे कामही गाय्ज रुग्णालयातलंच. ब्राइटच्या चमच्याला जे दिसलं नव्हतं, ते त्याच्याच रुग्णालयात सव्वाशेहून अधिक वर्षांनी दिसलं. १९८२ साली व्हिबर्टी आणि कीन यांच्या गटानं, आणि १९८४ साली डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी दाखवलं, की ही बारीकशी गळती असलेल्या मधुमेहींना पुढे मूत्रपिंडाचा उघड विकार होण्याचा आणि अकाली मृत्यूचा धोका जास्त असतो.

आता २४ तासांची लघवी कॅनमध्ये जमवायची कटकट. ती सर्वांना नकोशी. १९८३ साली असं दिसलं, की एका वेळच्या नमुन्यात प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढलं तरी दिवसाचा चांगला अंदाज येतो. लघवी पातळ असो की दाट, गुणोत्तर ते सांभाळून घेतं. आज डॉक्टर 'एसीआर' लिहून देतात ते हेच, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. १ ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असलं तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सावध व्हा, ३०० च्या वर गंभीर.

आणि याच सुमारास तिसरी घटना घडली, जिची ब्राइटला वाट पाहावी लागली होती. १९९३ साली कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीनं मधुमेहींच्या मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो असं सिद्ध झालं. २००१ साली लोसार्टनच्या गटातल्या औषधांनी तेच दाखवलं. २०१९ आणि २०२० साली मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांनीही. गेलेली गाळणी परत येत नाही, पण उरलेल्या वाचवता येतात. जी बातमी चेस्टर आर्थर यांना नुसती भीती देऊन गेली, तिच्यावर आज काहीतरी करता येतं. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मूत्रपिंडाच्या रोगाची पायरी ठरवताना रक्ताच्या तपासणीबरोबर लघवीतलं अल्ब्युमिन धरलं जातं, ते त्यामुळेच.

आता आपल्याकडे बघू. 'किडनी तपासली का?' असं विचारलं, की उत्तर येतं, 'हो, क्रिएटिनिन नॉर्मल आहे.' मंडळी, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाची निम्म्याच्या आसपास ताकद गेलेली असू शकते. मधुमेहात अल्ब्युमिनची गळती बहुधा त्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू होते. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबणं म्हणजे वरातीमागून घोडं. पुढे गोष्ट डायलिसिसपर्यंत गेली, तर आठवड्यातून सहसा तीनदा, दर खेपेला चार-चार तास. सरकारी योजनेत डायलिसिस फुकट मिळालं, तरी तालुक्याहून एसटीनं जाण्या-येण्याचा दिवस, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या घरच्या माणसाची मजुरी कोण भरून देणार? हे सगळं एका छोट्या बाटलीच्या तपासणीनं काही जणांच्या बाबतीत टळू शकतं किंवा निदान लांबवता येतं.

जपाननं १९७४ साली शाळेतल्या मुलांची दरवर्षी लघवी तपासायला सुरुवात केली. प्रत्येक देशाला ते परवडेल वा जमेल असं आम्ही म्हणत नाही. आणि ही तपासणी सर्वज्ञ नाही, हेही सांगायला हवं. आंध्रातल्या उद्दानम भागात शेतकरी-मजुरांत दिसणाऱ्या मूत्रपिंडाच्या रोगात लघवीत प्रथिन बरेचदा थोडंच जातं, तिथे रक्ताची तपासणीच अधिक बोलते. म्हणून दोन्ही हव्यात, एकीच्या जागी दुसरी नव्हे.

ज्यांना मधुमेह आहे, उच्च रक्तदाब आहे, घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी एवढंच करावं : पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर 'माझं एसीआर केव्हा केलं होतं?' असं विचारावं. टाइप-२ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी ते व्हायला हवं. जास्त आलं तर घाबरू नका, तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करून घ्या. पुन्हाही जास्त आलं, तर औषधांबद्दल बोला. ब्राइट यांनी वेगळं काही केलं नाही. त्यांनी प्रत्येक सुजलेल्या रोग्याला न चुकता तोच प्रश्न विचारला आणि उत्तर लिहून ठेवलं. त्यांच्या रोग्यांसाठी त्या उत्तरापुढे काही नव्हतं. आपल्यापुढे आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.